पलीकडून धरलेला दांडा

१

दिग्रसला मे महिन्याच्या दुपारी शहाणी माणसं जेवतात आणि कूलरसमोर आडवी होतात. अनिकेत त्यातला नव्हता. यवतमाळच्या एका खासगी तंत्रनिकेतनात तो इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा सांभाळायचा, आणि सुट्या लागल्या की घरी येऊन पुढच्या खोलीत सोल्डरिंग आयर्न तापवून बसायचा. "बाहेर एवढी आग पडून राह्यली, तेवढी पुरत नाही का तुम्हाला?" असं बायको मिताली विचारायची आणि उत्तराची वाट न बघता झोपायला जायची.

मागच्या पावसाळ्यापासून मात्र त्याच्या खटपटीला घरात कोणी नावं ठेवली नव्हती. कारण ती वडिलांसाठी होती.

वडील नीळकंठराव पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. अरुणावतीच्या कालव्यांचे कितीतरी नकाशे त्यांच्या हातचे. हात असा, की त्यांनी मोकळ्या हाताने ओढलेल्या रेघेला साहेब पट्टी लावून बघायचे आणि मुकाट्याने पट्टी खाली ठेवायचे. निवृत्तीनंतर त्याच हाताला कंपवाताने गाठलं. चहाची बशी तोंडापर्यंत जाईस्तोवर अर्धा चहा सदऱ्यावर. माणूस मानी, त्यांनी बाहेर चहा प्यायचंच सोडून दिलं. विमानात ते आयुष्यात कधी बसले नव्हते, पण आपले कालवे वरून कसे दिसत असतील हा किडा त्यांच्या डोक्यात जुना होता. म्हणून अनिकेतने संगणकावर विमान चालवायचा खेळ आणला. त्यात यवतमाळच्या धावपट्टीपासून दिग्रसपर्यंतचा सगळा मुलूख हुबेहूब होता. पण बाजारातली जॉयस्टिक नीळकंठरावांच्या हातात आली की विमान खडबडीत रस्त्यावरच्या ट्रॅक्टरसारखं हलायचं आणि कुणाच्या तरी शेतात जाऊन पडायचं.

मग अनिकेतने स्वतःच जॉयस्टिक बनवायला घेतली. शिलाई मशीनच्या दोन मोटारी, एक पुढे-मागे ओढणारी, दुसरी डावी-उजवीकडे. हात किती जोर लावतो ते कळायला वजनकाट्यातले सेन्सर. पट्टे, बेअरिंग, लेथवाल्याकडून कापून आणलेली लोखंडी चौकट, आणि मुठीला सायकलच्या हँडलचा काळा फोम. साध्या जॉयस्टिकला आपण ढकलतो. ही आपल्याला उलट ढकलायची. विमानाला वारा लागला की हाताला वारा जाणवायचा, विमान उचललं की वजन जाणवायचं. शिवाय अनिकेतने तिला एक जास्तीची गोष्ट शिकवली होती. हाताची बारीक थरथर मोटारींनी गिळून टाकायची, आणि मनातून आलेली सावकाश हालचाल तेवढी पुढे जाऊ द्यायची.

पहिल्यांदा विमान सरळ उडालं तेव्हा नीळकंठरावांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. ते आपल्या हाताकडे बघत बसले. "रत्ना," त्यांनी बायकोला हाक मारली, "इकडं ये, पाह्य माहा हात." रत्नप्रभाबाई पदराला हात पुसत आल्या आणि दाराशीच रडायला लागल्या.

माघात नीळकंठराव गेले. जॉयस्टिकचा दांडा टेबलाला बोल्टने आवळलेला होता तसाच राहिला, आणि समोर त्यांची खुर्ची. दोन्ही तिथून हलवणं अनिकेतच्या जिवावर आलं.

२

वर्षात घरातलं माणूस गेलं असलं की पहिल्या अखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्याला पितरांत बसवायचं असतं. पाण्याची घागर भरायची, पुरण शिजवायचं आणि गेलेल्याच्या नावाने एका माणसाला जेवायला बोलवायचं. तो माणूस त्या दिवसापुरता पितर. त्याला पोटभर वाढायचं, विडा द्यायचा, आणि मग घरातल्या मुलाने त्याला उंबऱ्याबाहेर, पार रस्त्यापर्यंत सोडून यायचं. यातलं हे शेवटचं काम सगळ्यात सोपं, त्यामुळे ते कधी राहून जाईल असं कुणाच्या मनातही येत नाही.

पितर म्हणून पूनमसिंग काका येणार होते. नीळकंठरावांचे कचेरीतले सोबती, जन्माचे मित्र. ऐन वेळी त्यांच्या घरून फोन आला, काकांना ऊन लागलंय, सलाईन चालू आहे. स्वयंपाक तर होऊन बसलेला. अनिकेत म्हणाला, शेजारून कुणाला तरी बोलावतो.

"कायले?" रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "परक्या माणसाले त्यायच्या नावानं जेवू घालू? त्यायची खुर्ची हाय ना घरात. थे खुर्चीवर जेवतीन."

आईच्या दुःखाशी हुज्जत कोण घालणार? ताट टेबलावर, दांड्याच्या बुडाशी ठेवलं. पुरणपोळी, आमरस, वडे, कढी. अनिकेतने ताटाभोवती पाणी फिरवलं, वडिलांचं नाव घेतलं, "या, बसा, जेवा" म्हणाला, आणि सगळे थोडा वेळ बाहेर जाऊन बसले. मग आई ताट उचलायला आत गेली.

ती बराच वेळ आली नाही. अनिकेत बघायला गेला तर आई खुर्चीपाशी उभी, उजवा हात दांड्याच्या मुठीवर.

"अनिकेत," ती हळूच म्हणाली, "धरला रे त्यायनं."

अनिकेतच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच क्षणी त्याच्या डोक्यातला मास्तरही जागा झाला. बटण चालू राहिलं असणार. बोर्डाला वीज मिळत असली की मोटारी दांड्याला मध्यावर धरून ठेवतात, मग कुणालाही हात धरल्यासारखंच वाटेल. त्याने आईला यातलं काही सांगितलं नाही. खाली वाकून गुपचूप बटण दाबलं, तर मोटारींची गुणगुण सुरू झाली. म्हणजे ते आधी बंदच होतं. त्याने पुन्हा दाबून बंद केलं आणि ताट उचलून आईला बाहेर आणलं.

रस्त्यापर्यंत कुणाला सोडायला कुणी गेलं नाही. सोडायला माणूसच नव्हता.

३

त्या दिवसापासून रत्नप्रभाबाईंची दुपारची झोप गेली. जेवण उरकलं की त्या पुढच्या खोलीत जायच्या, खुर्चीत बसायच्या आणि मुठीवर हात ठेवायच्या. कूलरच्या घरघरीतून त्यांचं बोलणं तुटक तुटक ऐकू यायचं. डाळीला कीड लागली, शेजारच्या विमलताईच्या सुनेला मुलगी झाली, नळाला गढूळ पाणी येतंय. नवऱ्याशी जन्मभर त्या याहून वेगळं काही बोलल्या नसतील.

"राहू द्या ना," मिताली अनिकेतला म्हणाली. "किती दिवसांनी हसून राह्यल्या आई."

अनिकेतलाही तेच हवं होतं. बटण बंद आहे ना, हे तो रोज जाऊन बघायचा आणि ते रोज बंद असायचं. मोटारीतल्या चुंबकांमुळे बंद मोटारही हाताला जराशी अडते, हे त्याने तंत्रनिकेतनातल्या पोरांना कितीदा शिकवलं होतं. आईला तेवढं अडणं पुरत असेल, असं त्याने स्वतःला समजावलं.

एकदा जेवताना आई सहज म्हणाली, "आता नाही हालत रे हात त्यायचा. काईच नाही हालत. बरा झाला."

अनिकेतचा घास तोंडातच राहिला. मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

आई देवळात गेल्यावर त्याने खोलीचं दार लोटलं. मोटारींच्या वायरी काढून बाजूला ठेवल्या, फक्त सेन्सर संगणकाला जोडले. दांड्यावर कुणाचा हात नाही, म्हणजे पडद्यावरची रेघ शून्यावर पडून राहायला हवी. ती शून्यावर नव्हती. कुणीतरी दांडा धरून ठेवावा तशी ती एका ठिकाणी उभी होती. त्याने शेजारी वडिलांच्या हाताची जुनी नोंद उघडली. ती सगळी करवतीच्या दात्यांसारखी, वरखाली, वरखाली. आणि ही नवी, पट्टी लावून ओढावी इतकी सरळ.

उन्हाने सेन्सर बहकतात. पत्र्याखाली तापलेल्या खोलीत तर हमखास. अनिकेतने शून्य नव्याने बसवलं. रेघ खाली आली, क्षणभर थांबली, आणि मग सावकाश चढत पुन्हा त्याच जागी जाऊन उभी राहिली.

तेव्हा त्याला जे वाटलं ते सांगायलाच हवं. त्याला भीती नाही वाटली. मोकळ्या हाताने सरळ रेघ ओढणारा एकच माणूस त्याला माहीत होता. "बाबा?" तो म्हणाला, आणि स्वतःच्या आवाजाने लाजला. पण त्या संध्याकाळी तो खूप दिवसांनी पोटभर जेवला.

४

दुसऱ्या दिवशी त्याने वडिलांसाठी विमान लावलं. आई खुर्चीत, तो मागे उभा. "हात काढ थोडा वेळ," तो आईला म्हणाला, "बाबांनाच चालवू दे."

विमान धरणावर होतं. खाली निळं पाणी, त्यातून निघालेला कालवा, कालव्याच्या दोन्ही अंगांना शेतं. मोकळा दांडा सरळ उभा होता. मग तो खुर्चीपासून दूर, पडद्याकडे झुकायला लागला. विमानाचं नाक खाली आलं. शेतं मोठी होत गेली, कालव्याचे काठ दिसले, बांधावरची झाडं दिसली, आणि पडदा काळा झाला.

अनिकेतने पुन्हा विमान लावलं. पुन्हा तेच. आणखी एकदा लावलं, आणखी उंचावरून.

खुर्चीत बसलेल्या माणसाने दांडा आपल्याकडे ओढला की विमान वर जातं, दूर लोटला की खाली. नीळकंठरावांना हे इतकं अंगवळणी पडलं होतं की ते जेवणाच्या ताटावर बसूनही मूठ छातीकडे ओढून दाखवायचे. या खुर्चीतून त्यांनी एकदाही विमान मुद्दाम जमिनीत घातलं नव्हतं.

"उतरून राह्यलं ना विमान," आई म्हणाली.

"उतरत नाही आई. पडते."

आईने त्याच्याकडे पाहिलं, मग दांड्याकडे.

अनिकेतने मुठीवर स्वतःचा हात ठेवला आणि दांडा आपल्याकडे ओढला. मोटारींच्या वायरी अजून सुट्याच होत्या. पलीकडून झटापट झाली नाही, हिसका आला नाही. त्याने जेवढा जोर लावला तेवढाच पलीकडून लागला. त्याने वाढवला, पलीकडचा वाढला. कुठलीच घाई नव्हती. शेवटी त्याने हात सोडला, पण हात सुटायला क्षणभर उशीर झाला. आपल्यालाच सोडायला वेळ लागला असेल, असं तो मनाशी म्हणाला आणि तळहात पँटला पुसत राहिला.

५

बरं वाटल्यावर पूनमसिंग काका काठी टेकत आले. अखितीला येता आलं नाही याचं त्यांना फार लागलं होतं. चहा झाला, नीळकंठरावांच्या चार गोष्टी निघाल्या, आणि मित्राचं विमान बघायला म्हणून ते पुढच्या खोलीत गेले.

"हात नका लावू, भाऊजी," रत्नप्रभाबाई एकदम म्हणाल्या.

"काहून? मोडतो काय मी?" काका हसले आणि त्यांनी मूठ धरली.

हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्याखालचा माणूस बदलला. त्यांनी हात काढून घेतला. अंगणातल्या नळाखाली त्यांनी तो कोपरापर्यंत धुतला, मग माती लावून पुन्हा धुतला. गप्पांत रमलेला माणूस निरोपही न घेता फाटकाबाहेर गेला. अनिकेत मागे धावला.

"काका, काय झालं?"

"नीळकंठाचा हात मले ठाऊक हाय, बापू. दवाखान्यात शेवटी मीच धरून बसलो होतो. थो माणूस कोणाले ओढत नव्हता. हात धरे, अन् सोडून दे."

"मग कोण आहे?"

"मले काय विचारतं? या, बसा, जेवा, असं तुम्ही कोणाले म्हटलं?"

"बाबांचंच नाव घेतलं होतं."

"घेतलं असन." काकांनी घराकडे बघायचं टाळलं. "तुह्या मायले त्या खोलीतून काढ. बाकी काई करू नको. पहिले तिले काढ."

अनिकेत पाना घेऊन खोलीत गेला तेव्हा आई खुर्चीत बसली होती. टेबलाच्या बोल्टला त्याने पाना लावताच ती म्हणाली, "ठेव थो पाना." आईच्या तोंडून तसा आवाज त्याने लहानपणीही ऐकला नव्हता. तो ठेवला गेला.

त्या दिवसापासून ती सकाळी अंघोळ करून जी खुर्चीत बसायची ती निजेपर्यंत उठायची नाही. पुढे पुढे निजणंही तिथेच. डाव्या हाताने जेवायची. उजवं मनगट सुजून बांगड्या रुतायला लागल्या म्हणून मितालीने त्या साबण लावून काढल्या. डॉक्टर घरी येऊन गेले. रक्तदाब, अशक्तपणा, आणि माणूस गेल्याचा धक्का, असं म्हणाले. सगळं खरंच होतं. पण आई दिवसागणिक वाळत होती, आणि आपण केलेल्या यंत्राला धरून वाळत होती, हे अनिकेतला गिळवत नव्हतं. तिला इथून उठवता आलं नाही तर ती जाणार, एवढं त्याला स्वच्छ दिसत होतं.

६

भर दुपारी वीज गेली. कूलर घरघरत थांबला, पाण्याचे शेवटचे थेंब टपटपले, आणि घरात इतकी शांतता झाली की पत्रा तापून कडकडल्याचं ऐकू यायला लागलं. अनिकेत पुढच्या खोलीच्या दाराशी उभा होता. आईचा डोळा लागला होता. मान एका बाजूला कललेली, आणि हात मुठीवरून हळूहळू निसटत होता. तो निसटून मांडीवर पडला.

हीच वेळ, अनिकेतच्या मनात आलं. उचलून न्यावं तिला.

तो पुढे झाला आणि त्याची नजर मुठीवर गेली. खिडकीतून उजेड थेट तिच्यावर पडत होता. खुर्चीतल्या माणसाची बोटं मुठीला पुढून, पडद्याच्या बाजूने वळसा घालतात. आईच्या बोटांचे तिथले खळगे भरून येत होते, फोम फुगून सारखा होत होता. पण मुठीच्या अलीकडच्या अंगाला, खुर्चीच्या बाजूला, चार खळगे होते. खोल, लांब. ते भरून येत नव्हते. म्हणजे ज्याने कुणी धरलं होतं तो खुर्चीत नव्हता. तो समोर होता, खुर्चीकडे तोंड करून. विमान खाली जायचं ते तो दांडा स्वतःकडे ओढायचा म्हणून. आणि समोर भिंत होती. टेबल भिंतीला चिकटून होतं, तिथे मांजर बसायलाही जागा नव्हती.

अनिकेत बघत असताना एक खळगा उचलला गेला, मग दुसरा, मग उरलेले. थोडे वर, नव्या जागी ते पुन्हा एकेक करून उमटले. पकड नीट करून घ्यावी तसे.

"आई झोपल्या का?" मिताली ताकाचा पेला घेऊन त्याच्या शेजारून आत गेली. तो तिला अडवेपर्यंत तिने पेला टेबलावर ठेवला होता आणि ती सासूचं डोकं सावरायला वाकली होती. तिचं मनगट दांड्यापासून वीतभर लांब होतं. वीज नसलेला दांडा तिच्याकडे कलायला लागला. सावकाश.

"तिकडं नाही!" रत्नप्रभाबाई जाग्या झाल्या होत्या. सुजलेला हात त्यांनी मुठीवर आदळला. "इकडं. माह्याकडं पाह्य."

दांडा थांबला. मग परत आला.

"सूनबाई, तू बाहेर जाय," त्या शांतपणे म्हणाल्या. मिताली पांढरीफटक पडली होती, ती गेली. अनिकेत आईच्या पायाशी बसला.

"तुले काय वाटते, मले समजत नाही?" आई म्हणाली. "पहिल्या दिवशी वाटलं थेच हायेत. दुसऱ्या दिवशी समजलं. एवढी वर्षं ज्या हातात बांगड्या भरल्या, थो हात चुकन काय मी?"

"मग तू कशाला बसतेस गं इथं?"

"मी हात सोडला का थे दुसरा हात चाचपते. घरात अजून कोणाचा हात हाय, पाहते. तू पाहलं ना आत्ता?"

"मी कापून काढतो सगळं. चौकट, मोटारी, सगळं धरणात टाकून येतो."

"दांडा फेकशीन. हात कोठी फेकशीन?"

"मग घर सोडू. आजच निघू, नेरला जाऊ मितालीच्या माहेरी."

"अन् थे इथंच बसून राहीन काय? बोलावलं आपण, अनिकेत. मीच म्हटलं, खुर्ची हाय ना." तिने डाव्या हाताने त्याच्या केसांतून बोटं फिरवली. हात तापलेला होता. "मी धरून हावो तोवर तुम्ही दोघं जेवा, झोपा. माह्यावर भागून राह्यलं त्याचं. थे ताक दे इकडं."

अनिकेतने ताक पाजलं. वीज आली, कूलर सुरू झाला. आईसमोर मांडी घालून बसलेला तो मोठा माणूस लहान पोरासारखा रडला, आणि तिने त्याला रडू दिलं.

७

पाऊस यायच्या आधीच रत्नप्रभाबाई गेल्या. खुर्चीतच, सकाळच्या वेळी, मान टेकून. त्यांची बोटं मुठीवरून एकेक करून अनिकेतने सोडवली. सोडवताना त्याने मुठीच्या अलीकडच्या बाजूला पाहिलं. फोम सारखा होता. कुठे खळगा नव्हता. संपलं, त्याला वाटलं. आई घेऊन गेली बरोबर. त्या वाटण्याची त्याला शरम वाटली, पण छातीवरचा दगड उतरला हेही खरं.

घर माणसांनी भरलं. बायका आईला अंघोळ घालत होत्या. अंगणात पूनमसिंग काका तिरडी बांधणाऱ्यांना दोऱ्या देत होते. पुसदहून आलेले मामा सारखे घड्याळ बघत होते, ऊन चढायच्या आत निघायला हवं होतं. गोवऱ्यांचा विस्तव पेटत घातला होता. अनिकेत उघड्या अंगाने, ओल्या धोतराने एका बाजूला उभा होता. विस्तवाचं मडकं धरून त्याला पुढे चालायचं होतं.

"मिताली, आईंचं नवं पातळ आण गं," आतून विमलताईंचा आवाज आला. "पुढच्या खोलीतल्या कपाटात असन."

अनिकेतने ते ऐकलं आणि त्याचा अर्थ त्याच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. तेवढ्यात दुसरा आवाज आला. बंद मोटार कुणी हाताने फिरवली की पट्टा जसा कुरकुरतो, तसा. तो धावला.

मिताली कपाटासमोर होती, खोलीकडे पाठ करून. एक हात वरच्या फळीवर, दुसरा सैल, मागे. दांडा त्या हाताच्या दिशेने कलला होता. लोखंडी चौकट त्याला जिथे अडवायची, त्याच्या कितीतरी पुढे तो गेला होता, आणि चौकट वाकली होती. मुठीवर चार खळगे होते. बोटांच्या मध्ये अंतर पडावं तसे ते एकमेकांपासून लांब होत होते. तो हात उघडत होता.

अनिकेतने झेप घालून मूठ धरली.

मिताली दचकून वळली. "काय झालं?"

"काही नाही. पातळ घे आणि जा."

थोड्या वेळाने दारात पूनमसिंग काका आले. "चाल बापू. मडकं धरा लागते."

अनिकेत खुर्चीच्या पाठीला टेकून उभा होता, उजवा हात मुठीवर. काकांनी त्या हाताकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा ओढला गेला. त्यांना सांगावं लागलं नाही.

"मिताली धरेल मडकं," अनिकेत म्हणाला. "अग्नीही तीच देईल."

तोवर मामा मागे येऊन उभे राहिले होते. "डोकं फिरलं काय तुहं? एकुलता एक पोरगा हाय तू! जन्म देल्ल्या मायले सून अग्नी देईन, अन् तू खेळण्यापाशी बसशीन?"

अंगणातून चार माणसं डोकावली. कुणीतरी जीभ चावली, कुणीतरी थुंकलं. ही गोष्ट दिग्रसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या निघत राहील, हे अनिकेतला माहीत होतं. आईच्या तिरडीला खांदा द्यायला त्याचा जीव तुटत होता. त्याने एकदा हात सैल करून पाहिला. पलीकडून मुठीवरचा जोर लगेच कमी झाला, आणि दांडा दाराकडे, जिथे मिताली येऊन उभी होती तिकडे वळला. त्याने पुन्हा घट्ट धरलं.

"अहो, चला ना," मिताली रडत म्हणाली. "असं काय करता? लोक काय म्हणतील? आई काय म्हणतील?"

"आईला कळेल," तो म्हणाला. "तू जा. आणि तिकडूनच काकांसोबत नेरला जा, तुझ्या आईकडे. घरी येऊ नको. कपडे काका आणून देतील. मी बोलवलं तरी येऊ नको, मिताली. माझा फोन आला तरी."

तिने काकांकडे पाहिलं. काकांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला दारातून बाहेर वळवलं.

मडकं तिच्या हातात दिलं गेलं असावं, कारण बाहेर एकाएकी कुजबुज थांबली. मग तिरडी उचलली, रामनाम सुरू झालं, माणसांचे पाय फाटकातून बाहेर पडले. आवाज रस्त्याने लांब लांब गेला आणि जिनिंग फॅक्टरीच्या वळणाशी ऐकू येईनासा झाला. घरात मागे राहिलेल्या बायका अंगण धुवायला लागल्या होत्या.

मुठीवर अनिकेतची बोटं होती, आणि त्यांच्यावर दुसरी बोटं आली. ती त्याच्या बोटांवरून एकेक करून फिरली, नखांवरून, पेरांवरून, अंगठ्याच्या बुडापर्यंत, नवीन माणसाची ओळख करून घ्यावी तशी. अनिकेतने डोळे मिटले. पलीकडे आता आई असेल, अशी एक वेडी आशा त्याला होती. निदान तिचा हात मध्ये असेल. निदान मोडक्या, सुजलेल्या त्या हाताचा जरासा दाब.

पलीकडे तोच होता.

अनिकेतने पायाने खुर्ची पुढे ओढली आणि आईच्या जागी बसला.